‘अजून’ आणि ‘येट’: एक छोटा इंग्रजी शब्द नेमका कुठे ठेवायचा

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून मला काही कागद यायचे होते. फोनवर त्यांनी सांगितलं, कागद पाठवलेत. आठवडा उलटला तरी काही आलं नाही, म्हणून मी दोन ओळींचा ईमेल लिहिला: ‘यू सेड द पेपर्स वेअर सेंट. येट आय हॅव नॉट रिसीव्ह्ड देम.’ मनातलं वाक्य अगदी साधं होतं, ‘अजून मला ते मिळालेले नाहीत’. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुटक, आणि सोबत कागद रवाना केल्याच्या पावतीची प्रत. मला कळेना की विचारलं एवढंसं, आणि हे पुरावे कशाला देतायत?

मग माझाच मेल पुन्हा वाचला आणि लक्षात आलं. वाक्याच्या सुरुवातीला बसलेला ‘येट’ इंग्रजीत ‘अजून’ राहत नाही, ‘तरीही’ होतो. म्हणजे समोरच्यानं वाचलं होतं, ‘तुम्ही म्हणालात कागद पाठवले, तरीही मला मिळालेले नाहीत.’ चौकशीचा झाला आरोप. हाच शब्द उचलून वाक्याच्या शेवटी ठेवला असता, ‘आय हॅवन्ट रिसीव्ह्ड देम येट’, तर काही बिघडलं नसतं.

तेव्हापासून या शब्दाकडे मी फार बारकाईनं बघत आलोय. शब्दकोशात ‘येट म्हणजे अजून’ असं आपण शाळेत पाठ करतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कारण मराठीतला ‘अजून’ एकटा जी कामं करतो त्यासाठी इंग्रजीत तीन-चार वेगवेगळे शब्द आहेत, आणि इंग्रजीतला ‘येट’ जी कामं करतो त्यातली काही आपल्या ‘अजून’च्या वाट्याला येतच नाहीत. म्हणून ‘येट’ शिकायचा तर आधी आपल्याच ‘अजून’ची नीट वाटणी करावी लागते.

पहिली पायरी: हातातला ‘अजून’ कोणता, ते ओळखा

ही चार वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. ‘तो अजून आला नाही.’ ‘तो अजून झोपलाय.’ ‘अजून दोन खुर्च्या लागतील.’ ‘हे काम अजून अवघड आहे.’ आपल्या कानाला चारही ठिकाणी एकच शब्द ऐकू येतो. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘येट’, दुसऱ्याला ‘स्टिल’, तिसऱ्याला ‘मोअर’ आणि चौथ्याला ‘इव्हन’ लागतो.

ओळखायची एक सोपी युक्ती आहे. ‘अजून’च्या जागी ‘आणखी’ घालून बघा. ‘आणखी दोन खुर्च्या’, ‘आणखी अवघड’ हे चालतं, म्हणजे तिथे काळाचा संबंध नाही, वाढीचा आहे. तिथे सहसा ‘येट’ला हात लावू नका. ‘येट टू चेअर्स’ असं इंग्रजी नाही, ‘टू मोअर चेअर्स’ आहे. ‘आणखी’ बसत नसेल तर ‘अद्याप’ घालून बघा. ‘तो अद्याप आला नाही’ हे बातमीतलं वाटेल, पण अर्थ तोच राहतो. ‘अद्याप’ हा शब्द संस्कृतातल्या ‘अद्य’ आणि ‘अपि’ यांपासून आला आहे, अर्थ ‘आजसुद्धा’. म्हणजे तो काळाला घट्ट बांधलेला आहे आणि म्हणूनच ही कसोटी खात्रीची ठरते.

काळाचा ‘अजून’ आहे हे ठरलं की एकच प्रश्न उरतो. वाक्यात ‘नाही’ आहे का? असेल तर बहुतेक वेळा ‘येट’. नसेल आणि काहीतरी चालूच आहे असं सांगायचं असेल तर ‘स्टिल’. ‘तो अजून झोपलाय’ याचं ‘ही इज स्लीपिंग येट’ असं भाषांतर करू नका. जुन्या इंग्रजीत आणि काही बोलींत तसं सापडतं, पण आजच्या रोजच्या इंग्रजीत ‘ही इज स्टिल स्लीपिंग’ असंच म्हणतात.

दुसरी पायरी: ‘येट’मधली अपेक्षा ऐका

‘शी डिडन्ट कम’ आणि ‘शी हॅजन्ट कम येट’ या दोन्हींत ती आलेली नाही. पण पहिल्या वाक्यात विषय संपला, ती आली नाही, कार्यक्रम उरकला. दुसऱ्यात आपण दाराकडे बघतोय. ‘नॉट येट’ म्हणजे ‘आत्तापर्यंत नाही, पण होईल असं धरलंय’. या शब्दाचा सगळा जीव या ‘धरलंय’मध्ये आहे. जागेचे, काळाचे नियम नंतर येतातच, पण ही अपेक्षा कानाला ऐकू यायला लागली की निम्मे नियम आपोआप समजतात.

कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शिकागोमधल्या एका माध्यमिक शाळेबद्दल सांगतात. तिथे विषयात उत्तीर्ण न झालेल्या मुलाला ‘नापास’ असा शेरा मिळत नसे, ‘नॉट येट’ असा मिळत असे. मराठीत तो शेरा लिहायचा तर ‘अजून नाही’ असाच लिहावा लागेल, आणि ‘नाही’ व ‘अजून नाही’ यांतला फरक तिसरीतल्या मुलालाही कळेल.

पण याच गुणामुळे ‘येट’ कधी कधी टोचतो. एखादीबद्दल ‘शी इजन्ट मॅरिड’ म्हटलं तर ती माहिती झाली. ‘शी इजन्ट मॅरिड येट’ म्हटलं की ‘लग्न व्हायला हवं’ हे आपण तिच्या वतीनं ठरवून टाकलं. मूल, नोकरी, घर, आजारपण, सगळीकडे हेच. एखाद्या वृद्ध माणसाबद्दल ‘ही इजन्ट डेड येट’ हे वाक्य किती वाईट वाटेल ते सांगायला नको. ‘अजून गेले नाहीत’ असं मराठीतही आपण विचार न करता म्हणत नाही. म्हणून दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलताना ‘येट’ जोडण्याआधी क्षणभर थांबावं, ही अपेक्षा त्या माणसाची आहे की माझी, एवढं बघावं.

याच्या अगदी उलट बाजूला ‘एनी मोअर’ आहे आणि तिथे बरेच जण फसतात. ‘ही डझन्ट लिव्ह हिअर येट’ म्हणजे तो इथे राहायला यायचाय. ‘ही डझन्ट लिव्ह हिअर एनी मोअर’ म्हणजे तो इथून गेलाय. मराठीत पहिल्याला ‘अजून’ आणि दुसऱ्याला ‘आता’ लागतो: ‘तो अजून इथे राहत नाही’, ‘तो आता इथे राहत नाही’.

तिसरी पायरी: जागा

मराठीत ‘अजून’ला फिरायची मोकळीक आहे. ‘अजून मी पत्र वाचलं नाही’, ‘मी अजून पत्र वाचलं नाही’, ‘मी पत्र अजून वाचलं नाही’, ‘मी पत्र वाचलं नाही अजून’, चारही चालतात, फक्त जोर सरकतो. इंग्रजीत इतकी मोकळीक नाही, आणि आपल्या चुका बहुतेक इथल्याच असतात.

‘येट’ची हक्काची जागा म्हणजे वाक्याचा शेवट. ‘आय हॅवन्ट रेड द लेटर येट.’ क्रियापद झालं, त्याचं कर्म झालं, मग ‘येट’. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये तो कधीच घालू नये. ‘आय हॅवन्ट रेड येट द लेटर’ हे वाक्य इंग्रजी कानाला अडखळल्यासारखं वाटतं. बोलताना डोळे मिटून ‘येट’ शेवटी ठेवलात तरी दहापैकी नऊ वेळा तुम्ही बरोबर असाल.

दुसरी जागा ‘नॉट’च्या लगेच पाठीशी. ‘द कमिटी हॅज नॉट येट डिसाइडेड.’ ही जागा लेखी, औपचारिक भाषेत जास्त दिसते. २३ सप्टेंबर १७७९ रोजी फ्लॅम्बरो हेडजवळच्या समुद्री लढाईत अमेरिकन कप्तान जॉन पॉल जोन्सला ब्रिटिश जहाजावरून शरणागतीबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यानं दिलेलं म्हणून जे उत्तर सांगितलं जातं ते असं: ‘आय हॅव नॉट येट बिगन टु फाइट.’ मी अजून लढायला सुरुवातच केलेली नाही. इथे ‘येट’ शेवटी नेऊन बघा, वाक्याचा ताठा जातो.

लांब वाक्यात ही मधली जागा नुसती शोभेची राहत नाही, गरजेची होते. ‘उशिरा आलेल्या सभासदांनी मत द्यावं की नाही, हे समितीनं अजून ठरवलेलं नाही.’ याचं इंग्रजी करताना ‘येट’ अगदी शेवटी ठेवलात तर तो ‘मत देणं’ या क्रियेला चिकटेल आणि वाचणारा गोंधळेल. म्हणून ‘द कमिटी हॅज नॉट येट डिसाइडेड व्हेदर द मेंबर्स हू केम लेट शुड व्होट.’ ज्या क्रियेला ‘अजून’ लागू आहे तिच्याजवळ ‘येट’ राहिला पाहिजे.

आणि वाक्याची सुरुवात. ती जागा ‘तरीही’साठी राखून ठेवलेली आहे असं पक्कं समजा. ‘अजून फाईल आली नाही’ हे आपल्या तोंडात इतकं बसलेलं असतं की बोट आपोआप ‘येट द फाईल हॅज नॉट कम’ असं टंकून मोकळं होतं. मेल पाठवायच्या आधी प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दावरून एकदा नजर फिरवा. तिथे ‘येट’ दिसला आणि तुम्हाला ‘तरीही’ म्हणायचं नसेल, तर त्याला उचलून शेवटी न्या. वाक्याच्या तोंडाशी काळाचा ‘येट’ चालतो तो एका ठिकाणी, विचारलेल्याला उत्तर म्हणून: ‘नॉट येट.’ तिथेही पहिला मान ‘नॉट’चाच आहे.

चौथी पायरी: काळ

‘येट’ आत्तापर्यंतचा हिशोब मांडतो, म्हणून त्याची सर्वांत जवळची सोयरीक ‘हॅव’ आणि ‘हॅज’ वापरून होणाऱ्या पूर्ण वर्तमानकाळाशी. मराठीत आपण ‘जेवलो नाही’ आणि ‘जेवलेलो नाही’ असा फरक करतो, त्यातला ‘जेवलेलो नाही’ इथे बसतो: ‘आय हॅवन्ट ईटन येट.’

अमेरिकेत बोलताना साधा भूतकाळही सर्रास वापरतात. ‘डिड यू ईट येट?’, ‘आय डिडन्ट कॉल हिम येट’. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत याच जागी ‘हॅव यू ईटन येट?’ अपेक्षित असतं. परीक्षेत किंवा औपचारिक पत्रात दुसरी पद्धत वापरावी, तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. अमेरिकन बोलणं कानावर आलं म्हणून त्याला चूकही म्हणू नये.

‘हॅव’शिवायही ‘येट’ नांदतो: ‘आय डोन्ट नो येट’, ‘इट इजन्ट डार्क येट’, ‘वी कान्ट गो येट’. गोष्ट पूर्वीची असेल तर ‘हॅड’ येतो: ‘मी पोचलो तेव्हा सभा सुरू झालेली नव्हती’ म्हणजे ‘व्हेन आय रीच्ड, द मीटिंग हॅडन्ट स्टार्टेड येट’. फक्त ‘काल’, ‘गेल्या सोमवारी’ असा मागचा ठरावीक दिवस सांगितलात की साध्या भूतकाळात ‘येट’ला जागा उरत नाही. ‘आय डिडन्ट मीट हिम येस्टर्डे येट’ असं कुणी म्हणत नाही, कारण कालचा हिशोब कालच बंद झाला.

पाचवी पायरी: प्रश्न, आणि मराठीत न दिसणारा ‘येट’

माझ्या मते सगळ्यात रंजक भाग हाच. नकारात आपण ‘येट’ चुकीच्या जागी ठेवतो, पण प्रश्नात आपण तो ठेवायलाच विसरतो. कारण सरळ आहे. ‘अजून जेवलास का?’ असं मराठीत कुणी विचारत नाही. आपण ‘जेवलास का?’ म्हणतो. मराठी प्रश्नात ‘अजून’ नसतो, म्हणून इंग्रजी प्रश्नातून ‘येट’ गळतो.

मग मराठी ती अपेक्षा दाखवते कशी? शब्दांच्या क्रमातून. ‘तो सिनेमा पाहिलायस का तू?’ हा मोकळा प्रश्न आहे, कधीतरी पाहिला असशील तर सांग. ‘पाहिलास का मग तो सिनेमा?’ हा वेगळा प्रश्न आहे. तू पाहणार होतास हे मला माहीत आहे, त्याचं काय झालं? क्रियापद पुढे आलं, ‘मग’ आला, सुरात थोडी वाट पाहणं आलं. इंग्रजीत पहिला प्रश्न ‘हॅव यू सीन दॅट फिल्म?’ आणि दुसरा ‘हॅव यू सीन दॅट फिल्म येट?’ आपल्या ‘मग’चं आणि पुढे आणलेल्या क्रियापदाचं काम तिथे एकटा ‘येट’ करतो. ‘आला का तो?’, ‘झालं का?’, ‘पोचलात का?’ अशा क्रियापदानं सुरू होणाऱ्या प्रश्नांचं इंग्रजी करताना शेवटी ‘येट’ लागतोय का, हे एकदा तपासावं.

प्रश्नात ‘येट’च्या शेजारी आणखी दोन शब्द उभे असतात. ‘हॅव यू फिनिश्ड येट?’ म्हणजे ‘झालं का?’ ‘हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?’ म्हणजे ‘झालंसुद्धा?’, इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. ‘आर यू स्टिल वर्किंग ऑन इट?’ म्हणजे ‘अजून चालूच आहे?’, एव्हाना संपायला हवं होतं. मराठीतला ‘सुद्धा’ आणि ‘च’ जो भाव आणतात तोच भाव इंग्रजीत ‘ऑलरेडी’ आणि ‘स्टिल’ आणतात.

इथे एक सावधगिरी. प्रश्नातला ‘येट’ थोडा घाईचा असतो. वरिष्ठांना किंवा अनोळखी माणसाला ‘हॅव यू साइन्ड इट येट?’ असं लिहिलं तर ते ‘केलीत का हो सही?’ असं पाठीशी लागल्यासारखं वाटू शकतं. नकार जोडलात, ‘हॅवन्ट यू साइन्ड इट येट?’, की सरळ बोलणी बसतात: ‘अजून सही केली नाहीत?’ मवाळपणे विचारायचं असेल तर ‘येट’ गाळा आणि वाक्य आपल्या गरजेकडे वळवा: ‘कुड यू लेट मी नो व्हेन इट इज साइन्ड?’ सही झाली की कळवाल का? काम तेच, चिमटा नाही.

सहावी पायरी: ‘अजून नाही’ आणि ‘अजूनही नाही’

नकारात ‘स्टिल’ही येतो आणि तिथे पुष्कळ जण अडतात. ‘ही हॅजन्ट रिप्लाइड येट’ आणि ‘ही स्टिल हॅजन्ट रिप्लाइड’ यांत फरक काय? मराठीनं याचं उत्तर तयार ठेवलंय. पहिलं ‘त्याचं उत्तर अजून आलेलं नाही’. दुसरं ‘त्याचं उत्तर अजूनही आलेलं नाही’. एका ‘ही’नं जो वैताग, जे आश्चर्य येतं ते ‘स्टिल’ आणतो. पहिल्या आठवणीच्या मेलमध्ये ‘येट’ वापरावा. ‘स्टिल’ तिसऱ्या-चौथ्या मेलसाठी जपून ठेवावा, पहिल्याच मेलमध्ये वापरला तर समोरच्याला वाटतं आपण आधीपासूनच चिडलोय.

जागाही वेगळी आहे. नकारात ‘स्टिल’ ‘हॅजन्ट’च्या आधी येतो. ‘ही हॅजन्ट स्टिल रिप्लाइड’ चालत नाही. लक्षात ठेवायला त्या शब्दाचं मूळ उपयोगी पडतं. ‘स्टिल’चा मूळ अर्थ स्तब्ध, न हललेला. आजही ‘सिट स्टिल’ म्हणजे ‘हलू नकोस’. जे चित्र होतं तेच आहे, काही हललेलं नाही, म्हणून आधी ‘स्टिल’ आणि मग ते न हललेलं चित्र: ‘हॅजन्ट रिप्लाइड’. ‘ऑलरेडी’ हा तर सरळ ‘ऑल’ आणि ‘रेडी’ यांचा जोड, सगळं तयार. म्हणून तो झालेल्या गोष्टीबरोबर शोभतो.

सातवी पायरी: ‘नॉट’ नसलेला नकार

आता तो प्रयोग ज्यात चांगलं इंग्रजी येणारेही फसतात. माझ्या एका मित्रानं हिशोबाच्या कागदावर वाचलं, ‘द अमाउंट हॅज येट टु बी पेड.’ त्याची नजर ‘हॅज’ आणि ‘पेड’वर गेली, ‘नॉट’ कुठे दिसला नाही, आणि त्यानं त्या ओळीपुढे पैसे दिले गेल्याची खूण केली. वाक्याचा अर्थ नेमका उलटा होता. रक्कम अजून द्यायची होती.

‘हॅव येट टु’ आणि ‘इज येट टु’ दिसायला होकारार्थी आहेत, अर्थानं नकारार्थी. ‘आय हॅव येट टु मीट हिम’ म्हणजे मी त्याला अजून भेटलेलो नाही. हे विचित्र वाटत असेल तर आपलंच ‘यायचाय’ आठवा. ‘निकाल लागायचाय’, ‘पाहुणे यायचेत’, ‘रक्कम द्यायचीय’. यातही ‘नाही’ कुठेच नाही, तरी निकाल लागलेला नसतो आणि पाहुणे आलेले नसतात. मराठीतला हा ‘-यचा आहे’ आणि इंग्रजीतला ‘येट टु’ एकमेकांवर अगदी चपखल बसतात. ‘द वर्स्ट इज येट टु कम’, खरा कठीण भाग पुढेच यायचाय.

या रचनेत वरून आणखी ‘नॉट’ घालू नका. ‘आय हॅव नॉट येट टु मीट हिम’ हे दोन रचनांचं कडबोळं होतं. एक तर ‘आय हॅव नॉट येट मेट हिम’, नाही तर ‘आय हॅव येट टु मीट हिम’.

वाचताना भेटणारे इतर ‘येट’

‘डोन्ट गो येट’ म्हणजे ‘इतक्यात जाऊ नकोस’. आज्ञा किंवा विनंतीतल्या ‘येट’ला ‘इतक्यात’ किंवा ‘एवढ्यात’ हे शब्द ‘अजून’पेक्षा छान बसतात. ‘आय डोन्ट वॉन्ट टु टेल देम येट’, त्यांना इतक्यात सांगायचं नाहीये.

‘सगळ्यात चांगला’, ‘सगळ्यात मोठा’ अशा विशेषणाबरोबर तो ‘आजवरचा’ होतो. ‘हर बेस्ट वर्क येट’, तिचं आजवरचं सर्वोत्तम काम. इथे ना ‘नाही’ आहे ना प्रश्न, तरी ‘येट’ योग्य आहे, कारण ‘यापुढे याहून चांगलंही करेल’ ही अपेक्षा आत आहेच.

‘येट अनदर’ म्हणजे ‘आणखी एक’, पण मोजून मोजून दमल्यावरचा. ‘वन मोअर मीटिंग’ ही माहिती, ‘येट अनदर मीटिंग’ हा उसासा. ‘वी मे विन येट’ म्हणजे ‘अजूनही जिंकू आपण’. ‘अ‍ॅज येट’ म्हणजे ‘आत्तापर्यंत तरी’, आणि तो बहुतेक नकाराबरोबरच येतो. ‘टिल येट’ मात्र इंग्रजीत नाही. ‘आत्तापर्यंत’चं शब्दशः भाषांतर करताना तो तयार होतो. त्याऐवजी ‘सो फार’ म्हणा.

राहिला ‘तरीही’चा ‘येट’. ‘इट वॉज कोल्ड, येट शी वॉज हॅपी.’ थंडी होती, तरी ती आनंदात होती. ‘अँड येट’ चालतं आणि फार सुंदर चालतं. अडचण येते ती जोडीची. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो, नाही तर वाक्य लंगडं वाटतं. म्हणून आपण ‘जरी’साठी ‘दो’ लिहिला की पुढे ‘येट’ लिहितोच: ‘दो इट वॉज कोल्ड, येट शी वॉज हॅपी.’ शाळेतल्या जुन्या व्याकरणात अशी वाक्यं शिकवलीही जात. पण आजच्या इंग्रजीत दोन्हींपैकी एकच पुरतो. ‘दो’ ठेवायचा असेल तर ‘येट’ काढा, ‘येट’ ठेवायचा असेल तर ‘दो’ काढा.

उच्चाराबद्दल एवढंच की सुरुवातीचा ‘य’ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. तो गिळला तर ‘एट’ होतो आणि ऐकणाऱ्याला आठाचा आकडा ऐकू येतो.

हात बसवण्यासाठी

खालची मराठी वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करून बघा, मगच पुढचं वाचा.

‘अजून वेळ आहे.’ नकार नाही, वेळ शिल्लक आहे, म्हणून ‘देअर इज स्टिल टाइम’. ‘देअर इज येट टाइम’ बरोबर असलं तरी जुन्या वळणाचं वाटतं.

‘मला अजून थोडा वेळ द्या.’ ‘आणखी थोडा वेळ’ बसतं, म्हणून ‘प्लीज गिव्ह मी सम मोअर टाइम’. आधीच्या वाक्यातही ‘अजून’ आणि ‘वेळ’ हेच शब्द होते. तरी उत्तर बदललं, त्याकडे लक्ष द्या.

‘निकाल अजून लागायचाय.’ ‘द रिझल्ट इज येट टु बी डिक्लेअर्ड.’ बोलताना ‘द रिझल्ट इजन्ट आउट येट’ जास्त सहज येईल.

‘जाऊ नको सांगितलं होतं, तरी गेला.’ ‘आय टोल्ड हिम नॉट टु गो, येट ही वेंट.’ हा ‘तरी’चा ‘येट’, म्हणून तो आपल्या वाक्याच्या तोंडाशी बसला.

‘उठली का ती?’ ती उठण्याची तुम्ही वाट बघताय, म्हणून ‘इज शी अप येट?’ फोन केल्यावर ती लगेच बोलायला आली आणि तुम्हाला नवल वाटलं, तर ‘आर यू अप ऑलरेडी?’

‘पाऊस अजून थांबलेला नाही.’ याची दोन उत्तरं बरोबर आहेत. ‘इट हॅजन्ट स्टॉप्ड रेनिंग येट’ आणि ‘इट इज स्टिल रेनिंग’. छत्री नसलेला, दारात उभा राहून वाट बघणारा माणूस पहिलं म्हणेल. खिडकीशी बसलेला, कुठेच जायचं नसलेला माणूस दुसरं.